ग्रंथात नसलेल्या अकरा गोष्टी

माझ्या वडिलांचं देवाशी भांडण नव्हतं. ओळखच नव्हती, असं ते म्हणायचे. चांगलं काय नि वाईट काय हे ठरवायला माणसाला डोकं दिलेलं आहे, ते वापरावं. त्यासाठी दर आठवड्याला दोन तास बाकावर बसून दुसऱ्याचं ऐकायची गरज नाही, हे त्यांचं मत. "डोकं दिलेलं आहे म्हणता, मग दिलं कोणी?" असं आई विचारायची. त्यावर बाबा फडकं घेऊन काचा पुसायला लागायचे.

बाबा चष्मे करतात. दुकानात पुढे ते डोळे तपासतात आणि मागच्या खोलीत मी भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. मध्ये प्लायवूडचं पातळ पार्टिशन आहे, त्यामुळे पुढे बोललेलं सगळं मागे ऐकू येतं. घासायचं यंत्र चालू असलं की मात्र येत नाही, म्हणून पुढे काही महत्त्वाचं चाललं असेल तर मी यंत्र बंद ठेवते. दुकानाच्या वर आमचं घर.

बाबांचे स्वतःचे नियम होते आणि ते एका निळ्या वहीत लिहिलेले होते. पहिला: गरज नसलेल्याला चष्मा विकायचा नाही. दुसरा: विचारलं तर खरंच सांगायचं, न विचारता सांगत सुटायचं नाही. तिसरा: माणसाच्या पाठीमागे बोलायचं नाही. यापुढे नंतर कधीतरी लाल शाईने 'मेहुणे वगळून' अशी भर पडली होती. चौथ्या नियमात इतक्या दुरुस्त्या झाल्या होत्या की तो मुळात काय होता हे आता बाबांनाही वाचता येत नव्हतं.

"आरोपी तुम्ही, वकील तुम्ही, न्यायाधीशही तुम्हीच," आई म्हणायची. "निकाल लागणार कसा?"

"लागतो की. बहुतेक वेळा निर्दोष सुटतो."

आईचं तसं नव्हतं. ती प्रार्थनागृहात जायची, गुरुजी काय सांगतात ते ऐकायची आणि घरी येऊन आमच्यावर ते लागू करायची. गुरुजी सत्तरीचे, उंच, पांढरी दाढी, विहिरीतून यावा तसा आवाज. समोर तो जाडजूड ग्रंथ उघडून, ओळींवरून बोट फिरवत ते सांगायचे. त्यातली आईची सगळ्यात लाडकी शिकवण अशी: 'घरात कलह झाला तर दिवे लागायच्या आत पहिला शब्द बोलावा, आणि ज्याची चूक कमी त्याने तो बोलावा.'

या एका वाक्याने आमचं घर चाललं. कारण चूक माझी कमी, हे सिद्ध करायचा एकच मार्ग होता: आधी बोलणं. सकाळी नऊला कडाक्याचं भांडण झालं की साडेनऊपासूनच दोघं एकमेकांवर टपून बसायची. एकदा बाबा जिन्यावरून धावत वर गेले नि आईने तोंड उघडायच्या आत "चहा घेतेस का?" असं ओरडले. ग्रंथ न मानणारा माणूस! पण हे एक वाक्य ते मानायचे. "यात देवाचा काही संबंध नाही," ते म्हणायचे, "हे साधं व्यवहारज्ञान आहे."

तर झालं असं, की गुरुजींच्या स्कूटरच्या परवान्याची मुदत संपली. नवा मिळायला डोळे ठीक असल्याचा दाखला लागणार होता, आणि आमच्या भागात तो दाखला देणारे बाबाच.

गुरुजींना नीट दिसत नाही, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणीच बोलत नव्हतं. शिंप्याच्या दुकानाबाहेर कपडे चढवलेला पुतळा असतो, त्याला गुरुजींनी दोनदा थांबून "घरी सगळे बरे ना?" असं विचारलं होतं. दुसऱ्यांदा तर, हा उत्तर देत नाही म्हणजे काहीतरी दुःखात असणार, असं समजून त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाच मिनिटं धीर दिला होता. त्यांची स्कूटर रस्त्यात दिसली की माणसं आपोआप दुकानात शिरायची. बेकरीवाला म्हणायचा, त्या वेळेला माझा धंदा वाढतो.

"दाखला द्या," आई म्हणाली. "एवढ्या मोठ्या माणसाला काय तपासायचं?"

"मोठा माणूस धडकला तर जास्त लागतं," बाबा म्हणाले.

"मन मोठं करा जरा. ग्रंथात सांगितलंय."

"माझ्या वहीत नाही."

मग भांडण झालं. अकराच्या सुमारास आई आधी बोलली, पण दाखल्याबद्दल नाही.

ठरल्या दिवशी गुरुजी सकाळीच आले. बाबांनी नुकताच अक्षरांचा तक्ता धुवायला काढला होता. त्यावर माशा बसून बसून शेवटच्या ओळीत नसलेले अनुस्वार उमटले होते. ओला तक्ता हातात घेऊन ते मोरीपाशी उभे, एवढ्यात गुरुजी आपणहून तपासणीच्या स्टुलावर जाऊन बसले, एक डोळा तळहाताने झाकला आणि समोरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "सुरू करू?"

मी यंत्र बंद केलं आणि पार्टिशनच्या कडेने पाहू लागले.

गुरुजींनी सुरू केलं. "ग... म, प... र, ल, ट..." काय तो आवाज, काय ते थांबणं! प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास, मग पुढची ओळ. असा तक्ता आमच्या दुकानात आजवर कोणी वाचला नव्हता. एकही अक्षर न अडखळता ते तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत पोचले, आणि दुसरा डोळा झाकून पुन्हा पहिल्यापासून.

"छान," बाबा म्हणाले. "गुरुजी, तक्ता माझ्या हातात आहे."

गुरुजींनी हळूच विचारलं, "मग भिंतीवर काय आहे?"

"खिळा."

गुरुजींनी डोळ्यावरचा हात खाली घेतला.

"आणि सहाव्या ओळीत 'घ' नाही, 'ध' आहे," बाबा पुढे म्हणाले. "तो 'घ' वाचणारं माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे." आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "अगं, खाली ये जरा!"

आई खाली आली. तिला पाहूनच कळलं. सत्याचं महत्त्व मला लहानपणापासून पाजणारी माझी आई!

"मी काही खोटं बोलले नाही," ती म्हणाली. "मी फक्त तक्ता वाचून दाखवला."

"किती वेळा?"

"आठ-दहा. पाठ होईपर्यंत. कोणाला चार अक्षरं शिकवणं हे काही पाप नाही."

"चूक माझी आहे," गुरुजी म्हणाले. "स्कूटर गेली तर आजाऱ्यांकडे जाणं बंद होईल, म्हणून... नाही, तेही खरं नाही. आपण म्हातारे झालो, हे मान्य करायचं नव्हतं मला."

बाबांनी त्यावर टोला हाणला असता तर मला नवल वाटलं नसतं. पण त्यांनी तक्ता खाली ठेवला, ती पत्र्याची गोल चौकट काढली, जिच्यात एकेक भिंग सरकवून पाहतात, आणि गुरुजींच्या नाकावर चढवली. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. लांबचं नव्हतंच दिसत, जवळचं त्याहून नव्हतं. जाड, आणखी जाड. पाचव्या भिंगाला गुरुजींचं तोंड उघडं राहिलं.

"ही भिंत हिरवी आहे?"

"दहा वर्षं झाली."

गुरुजींनी मान वळवली आणि आईकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "तुम्हीच का त्या?" ते म्हणाले. "आवाजावरून मला वाटायचं, तिशीतल्या असाल."

आईने हेही बाबांच्याच नावावर टाकलं.

चार दिवसांनी चष्मा तयार झाला. मीच केला, तशी जड भिंगं मी क्वचितच बसवली असतील. चष्मा लावून गुरुजींनी भिंतीवरचा तक्ता इमानदारीने वाचला, 'ध'सकट, आणि बाबांनी दाखला लिहून दिला. गुरुजी स्कूटरवर बसून निघाले आणि दहा मिनिटांनी स्कूटर ढकलत परत आले. चेहरा पांढरा.

"रस्त्यावर एवढी माणसं असतात?"

"पूर्वीपासून," बाबा म्हणाले.

"आणि मी यांच्यातून चालवत होतो?"

"आम्ही बघायचो की."

त्यांनी दाखला काउंटरवर ठेवला, स्कूटर आमच्याच दारात लावली आणि चालत घरी गेले. पुढच्या आठवड्यात ती त्यांच्या भाच्याने नेली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण गुरुजी पुन्हा आले, भर दुपारी, काखेत ग्रंथ घेऊन. आत आले आणि त्यांनी दुकानाचं दार लावून घेतलं. मी यंत्र बंद केलं.

"घरातला कलह," गुरुजी म्हणाले आणि ग्रंथ काउंटरवर उघडला. "वाचा."

बाबांनी वाचलं. "'घरात कलह करू नये.'"

"पुढे?"

"पुढे गुरांबद्दल आहे."

"दिवे लागायच्या आत? ज्याची चूक कमी त्याने?"

बाबांनी पान उलटलं, पुन्हा मागे आले. "इथे तरी नाही."

"कुठेच नाही. चार दिवस मी सगळा ग्रंथ वाचतोय. वीस वर्षांत पहिल्यांदा नीट वाचतोय." गुरुजी स्टुलावर बसले. "डोळे हळूहळू गेले हो. पाठ होतं, म्हणून निभावलं. मग एकदा एक ओळ आठवेना. समोर माणसं बसलेली. त्या दिवशी सकाळीच बहिणीशी माझं वाजलं होतं, मनात जे होतं ते बोलून गेलो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मलाही वाटायला लागलं, की ते ग्रंथातच आहे. अशा अकरा गोष्टी सापडल्या. अकरा!"

माझ्या वडिलांनी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली असेल तो हा. "म्हणजे गुरुजी," ते म्हणाले, आणि आवाजातला आनंद त्यांना लपवता येईना, "तुमचेही तुमचे नियम!"

गुरुजींनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. बाबांचा आनंद तिथल्या तिथे विरला.

"मी लोकांना काय सांगू?" गुरुजींनी विचारलं. "तुम्ही तुमच्या बुद्धीने चालता. तुमच्या वहीत काय बसतं?"

"विचारलं तर खरं सांगायचं. कोणी विचारलंय का?"

"नाही."

"मग गप्प बसा. माणसं नीट वागतायत ना? चालू द्या."

"पण ग्रंथात आहे ना! 'जे ठाऊक आहे ते लपवू नये.' हे मात्र खरंच आहे, तीनदा तपासलं. आणि तुमच्या पत्नी? त्यांना ती कलहाची शिकवण..."

"तिला तर मुळीच सांगू नका," बाबा घाईघाईने म्हणाले.

म्हणजे बघा, ग्रंथवाला सांगायला निघाला होता आणि सत्यवाला अडवत होता. मी पार्टिशनमागे तोंडावर हात दाबून उभी होते.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "गुरुजी कशाला आले होते? दार का लावलं होतं?"

बाबांचा घास हातातच राहिला. विचारलं तर खरं सांगायचं.

"नियमात... एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले.

"कधी केली?"

"करतोय."

"वही आणा!" आई म्हणाली. "माझ्यासमोर लिहा. काय लिहिणार? 'बायको वगळून'?"

बाबांनी मग एवढंच सांगितलं की, मी खोटं बोलणार नाही आणि खरंही सांगणार नाही, तो गुरुजींचा विषय आहे. गुरुजींचं माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का, असं म्हणून आई उठून गेली. झालं, पेटलं. आणि आईने ठरवलं की या वेळी तिची चूक कमी असली तरी ती बोलणार नाही, गुरुजी स्वतः येऊन म्हणाले तरी नाही. बाबांना आधी बोलायची फार इच्छा असावी. पण ते वाक्य कुठून आलं हे आता त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा आधार घ्यायला त्यांची जीभ रेटेना. दिवे लागले. दुसऱ्या दिवशीही लागले. दोघं माझ्यामार्फत बोलू लागली. "तुझ्या बाबांना विचार, पाणी गरम हवं का." बाबा तिथेच हातभर अंतरावर. मी एकतीस वर्षांची आहे, आमच्या घरात असं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या रात्री जेवताना चमच्यांचा आवाज इतका मोठा वाटला की मी ताट घेऊन खिडकीपाशी गेले.

आठवडी प्रार्थनेला बाबा आले. कोणी बोलावलं नव्हतं. शर्ट इस्त्रीचा घातला आणि आमच्या मागून दहा पावलांवर चालत राहिले. प्रार्थनागृहात शेवटच्या बाकावर बसले. तिथे आधीच पुतळ्यावाला शिंपी होता, तो दचकून सरकला.

गुरुजी उभे राहिले. जाड भिंगांमागे त्यांचे डोळे एवढे मोठे दिसत होते की पुढच्या रांगेतलं एक बाळ रडू लागलं. गुरुजींनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. परवान्याचं, तक्त्याचंही सांगितलं, फक्त तक्ता कोणी शिकवला ते सोडून. मग एक कागद काढला. "या अकरा गोष्टी मी सांगितल्या. ग्रंथात नाहीत. 'म्हाताऱ्या माणसाने तीच हकिगत पुन्हा सांगितली तर पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकावी.' नाही. 'शेजारच्या घरातून मोठा आवाज आला तर काहीतरी मागायच्या निमित्ताने दार वाजवावं.' नाही. 'पाहुण्याला कधी जाणार असं विचारू नये.' नाही."

"काय? हे नाही?" मधल्या रांगेतून आवाज आला. बेकरीवाल्याची बायको उभी राहिली होती. तिचा दीर आठ महिन्यांपूर्वी दोन दिवसांसाठी आला होता. "नक्की नाही ना, गुरुजी?"

"एक अक्षरही नाही."

"मग मी येते जरा घरी जाऊन," ती म्हणाली आणि चपला घालून निघालीसुद्धा.

गलका झाला. कोणी म्हणालं, फसवणूक आहे. कोणी म्हणालं, मूळ ग्रंथात नुसतं गुरांबद्दलच आहे का? गुरुजींनी तीन पानं वाचून दाखवली. लोक जांभया द्यायला लागले. एक म्हातारे आजोबा उठले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे आता माझी आगगाडीची हकिगत कोणी ऐकणार नाही?"

गुरुजी कलहाच्या ओळीवर आले तेव्हा मी आईकडे पाहिलं. ती हातातला रुमाल घड्या घालत होती, उलगडत होती. गुरुजींचं संपल्यावर ती उठली.

"गुरुजी, ही गोष्ट चूक आहे का?"

"चूक की बरोबर ते मी कोण सांगणार? ग्रंथात नाही एवढं खरं."

"मग लिहिणाऱ्याकडून राहून गेली असेल," आई म्हणाली. "एवढा मोठा ग्रंथ. एखादी ओळ निसटते माणसाकडून."

मागून बाबा उठले. कोणीतरी त्यांचा शर्ट ओढला तरी उठले. "राहून गेली नाही," ते म्हणाले. "या माणसाने ती केली. बहिणीशी भांडून पस्तावला आणि त्यातून केली. तीस वर्षं मी म्हणतोय की माणसाला आपलं आपण ठरवता येतं, पण माझ्या वहीत याच्यासारखी एक ओळ नाही. माझ्या सगळ्या ओळी मला सोयीच्या आहेत." मग सगळ्यांदेखत, आईच्या दिशेने, जरा कमी आवाजात: "चूक माझी जास्त होती. तरी मीच आधी बोलतोय. कुठल्या नियमात बसतं, माहीत नाही."

"बसा आता," आई म्हणाली. "सगळे बघतायत." पण तिने बाकावर शेजारी जागा केली आणि बाबा सगळ्या रांगा ओलांडून पुढे येऊन बसले.

गुरुजी आपली जागा कायमची सोडायला निघाले होते. कोणी सोडू दिली नाही. बराच वाद होऊन एक तोडगा निघाला, आणि तो आजतागायत चालू आहे. चष्मा डोळ्यांवर असेल तेव्हा गुरुजी बोलतात ते ग्रंथातलं. ते वाचून झालं की चष्मा काढून टेबलावर ठेवायचा. मग जे बोलतात ते त्यांचं स्वतःचं, आणि त्यावर कोणीही हात वर करून विचारू शकतं. काही जुनी मंडळी चष्मा उतरला की निषेध म्हणून उठून जातात. बाबा नेमके तेव्हाच आत जातात. दारात त्यांची गर्दी होते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. पोस्टमन दुकानात आला, गुरुजी तिथे बसलेलेच होते. कोपऱ्यावरच्या घरात एक एकटी म्हातारी राहते, तिला वाचता येत नाही, तिची पत्रं हाच वाचून दाखवतो. आज मुलाचं पत्र आलं होतं: या वर्षीही येत नाही, पुढचंही सांगता येत नाही. "मी दोन शब्द मऊ केले तर चालेल का?" त्याने विचारलं.

गुरुजींनी चष्मा लावून सांगितलं, नाही. मग चष्मा काढला आणि म्हणाले, मी असतो तर केले असते. बाबा म्हणाले, तिने विचारलं तर खरंच सांगायला हवं, पण ती 'वाच' म्हणते म्हणजे विचारते का, हा मूळ मुद्दा आहे. यावर दोघांची जुंपली. पोस्टमन एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.

आई जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती खाली आली, पायात चपला सरकवल्या आणि पोस्टमनला म्हणाली, "चल, मी येते तुझ्याबरोबर."

ती परत आली तेव्हा अंधारायला आलं होतं आणि हे दोघे अजून 'विचारणं' म्हणजे काय यावरच होते.

"काय सांगितलंस तिला?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. त्याने वाचलं, तिने ऐकलं. तिला ठाऊकच होतं. मग आम्ही तिघांनी चहा घेतला." आई जिना चढू लागली. "उद्या पुन्हा जाणार आहे. तिचं घड्याळ बंद पडलंय."